चांदी संपली तिथे थांबवलेला टाइप संग्रह: आता नवी नाणी घ्यावीत का?

ओंजळ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज विचारतेच.

माझा संग्रह टाइपचा आहे. सालवार रांग नाही, टाकसाळवारही नाही. एका छापाचं एकच नाणं, पण ते मिळेल तितकं देखणं. देश तीनच: भारत, ब्रिटन आणि अमेरिका. चौदा वर्षांपूर्वी सुरुवात केली तेव्हाच एक हद्द आखून घेतली होती. ज्या साली त्या देशाच्या रोजच्या नाण्यातून चांदी गेली, तिथे आपण थांबायचं. भारतात १९४५चा रुपया, ब्रिटनमध्ये १९४६, अमेरिकेत १९६४. तांब्याची, निकेलची लहान नाणीही त्याच सालापर्यंतची. अल्बमच्या शेवटच्या पानावर १९६४चा केनेडीचा अर्धा डॉलर आहे आणि त्याच्यापुढचे कप्पे रिकामे आहेत. मोजून तीन छाप यायचे बाकी आहेत, तेही आज ना उद्या येतील. इतकी वर्षं या हद्दीबद्दल मनात कधी शंका आली नव्हती.

मागच्या महिन्यात भाची परदेशातून आली. निघताना पर्समध्ये उरलेली सुटी नाणी तिने माझ्या हातावर ओतली, म्हणाली, "मावशी, तुला लागतात ना, घे." मी ती एका वाटीत टाकून ठेवली. माझ्या हद्दीबाहेरची होती, त्यामुळे बघायचीही घाई नव्हती. आठवड्याने निवांत बसून भिंग लावलं आणि पहिल्याच क्वार्टरवर, म्हणजे अमेरिकेच्या पाव डॉलरच्या नाण्यावर, अडकले. माझ्याकडचा क्वार्टरवरचा वॉशिंग्टन डावीकडे बघतो. हा उजवीकडे बघत होता. नुसती दिशा बदललेली नव्हती, माणूसच वेगळा वाटत होता. हनुवटी पुढे, जबडा घट्ट मिटलेला, केस मागे ओढून बांधलेले. साल २०२२. मागे कवयित्री माया अँजेलो, दोन्ही हात वर पसरलेले, पाठीशी उडता पक्षी आणि उगवता सूर्य.

त्याच वाटीत एक निकेल, म्हणजे अमेरिकेचं पाच सेंटचं नाणं, निघालं. त्यावरचा जेफरसन थेट आपल्याकडे बघतो, आणि शेजारी 'लिबर्टी' हा शब्द हाताने लिहिल्यासारखा तिरका. माझ्या अल्बममधले यच्चयावत अध्यक्ष एका कुशीवरचे आहेत, समोर बघणारा एकही नाही. शिवाय एक सेंट होता, लिंकन तोच, १९०९पासूनचा, पण मागे जुन्या सेंटवरच्या गव्हाच्या लोंब्याही नाहीत आणि लिंकनचं स्मारकही नाही. साधी ढाल.

ती तीन नाणी मी वाटीत परत टाकू शकले नाही. तीन आठवडे टेबलावर कागदावर मांडून ठेवलीत.

आता खरी अडचण सांगते. जागेचा प्रश्न नाही, मिळण्याचाही नाही. भीती अशी आहे की हा क्वार्टर आत घेतला तर दार कुठे बंद करायचं? मी मोजून पाहिलं. १९९९ ते २००८ पन्नास राज्यांचे पन्नास, २००९मध्ये सहा, २०१० ते २०२१ राष्ट्रीय उद्यानं आणि स्थळांचे छप्पन्न, मग डेलावेअर नदी ओलांडणाऱ्या वॉशिंग्टनचा एक, आणि २०२२ ते २०२५ स्त्रियांचे वीस. एकट्या क्वार्टरच्या मागच्या बाजू १३३ होतात! १९३२ ते १९९८ या सदुसष्ट वर्षांत दोनच होत्या, गरुड आणि १९७६चा ढोलकीवाला. आपल्याकडेही काही वेगळं नाही. दहा रुपयांच्या नाण्याचे चौदा छाप चलनात आहेत आणि सगळे वैध आहेत, असं रिझर्व्ह बँकेला २०१८च्या जानेवारीत जाहीर करावं लागलं होतं.

आणि एक कबूल करते. मला नवी नाणी चपटी वाटतात. जुन्या नाण्यावर बोट फिरवलं की चेहरा लागतो, नव्यावर लागत नाही. पण हे खरंच तसं आहे, की माझा डोळा जुन्याला सरावलाय म्हणून मी नव्याला न्याय देत नाहीये, हे मला एकटीला ठरवता येत नाही. तुमच्यापैकी ज्यांनी अशी हद्द ओलांडली किंवा मुद्दाम ओलांडली नाही, त्यांनी सांगावं.

जुनी_पेटी

ताई, नका घेऊ. तुमचं लिहिणं वाचून तुम्ही घेणार हे दिसतंय, तरी सांगतो.

टाइप संग्रहाची सगळी गोडी तो पुरा होण्यात आहे. सालवार जमवणाऱ्याला दर वर्षी एक नाणं वाढतं, त्याची रांग कधी संपत नाही. आपली संपते. मी फक्त ब्रिटिश अमलातले रुपये करतो. व्हिक्टोरियाचा 'क्वीन' लिहिलेला १८६२चा एक, १८७७पासून 'एम्प्रेस' झाली म्हणून तो दुसरा, मग एडवर्ड, मग पाचवा जॉर्ज, सहावा जॉर्ज, आणि शेवटी १९४७चा निकेलचा वाघ. त्या पानात भर घालावी असं मला आजवर वाटलं नाही. त्या त्या राजवटीत छाप का बदलला याला प्रत्येक वेळी कारण होतं. राणीची सम्राज्ञी झाली, राजा गेला, चांदी महागली.

आजच्या छापांना असं कारण आहे का? राज्यांचे क्वार्टर दर दहा आठवड्यांनी एक असे निघत होते. ते लोकांनी जमवावेत म्हणूनच काढले. जे जमवण्यासाठीच काढलंय ते जमवण्यात मला रस नाही. नाणं बाजारात फिरायला निघावं, झिजावं, आणि त्यातलं एखादं कसंबसं वाचून आपल्यापर्यंत यावं. जमवण्याला अर्थ येतो तो त्या वाचण्यामुळे.

चपटेपणाबद्दल तुमचा डोळा बरोबर सांगतोय. त्याला दोष देऊ नका.

ठसेकार

ताई, मी टाकसाळीत कधी नव्हतो, पण पस्तीस वर्षं डाय, म्हणजे धातूवर छाप उमटवणारे ठसे, बनवण्याच्या कामात काढली. नाणं हातात आलं की मी आधी उठाव, म्हणजे चित्र पृष्ठभागापासून किती वर आलंय ते, बघतो, चेहरा मागाहून. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट त्या उजवीकडे बघणाऱ्या वॉशिंग्टनची. तुम्ही त्याला नवा म्हणताय, तो नवा नाही. १९३२ला वॉशिंग्टनच्या जन्माला दोनशे वर्षं होत होती म्हणून क्वार्टरसाठी स्पर्धा घेतली गेली. ललित कला आयोगाची पसंती होती लॉरा गार्डिन फ्रेझर या शिल्पकार बाईंच्या नमुन्याला. पण अर्थखात्याचे सचिव अँड्र्यू मेलन यांनी जॉन फ्लॅनगनचा नमुना निवडला, त्यांच्यानंतर आलेल्या सचिवांनीही तोच कायम ठेवला, आणि तुमच्या अल्बममधला डावीकडे बघणारा वॉशिंग्टन जन्माला आला. लॉराबाईंचं काम पडून राहिलं. १९९९मध्ये पाच डॉलरच्या एका सोन्याच्या स्मारक नाण्यावर ते आलं, पण ते रोजच्या वापराचं नाणं नव्हे. रोजच्या क्वार्टरवर यायला २०२२ उजाडलं. बाई १९६६लाच गेल्या होत्या.

आता तुमचा अल्बम उघडा आणि म्हशीचं निकेल काढा, १९१३चं. ते जेम्स अर्ल फ्रेझरचं. लॉराबाईंचे यजमान. नवऱ्याचं काम तुमच्या अल्बमात मानाने बसलंय आणि बायकोचं तीन आठवडे टेबलावर कागदावर पडलंय, ते फक्त नाण्यावर साल कुठलं आहे एवढ्यावरून. पाडण्याचं साल आणि छापाचं वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरं, चपटेपणा. हे माझ्या कामातलं आहे. नव्या नाण्यांचा उठाव कमी आहे, यात तुमचं आणि जुनी_पेटी यांचं चुकत नाही. पण ही तक्रार नव्या काळाची आहे असं समजू नका. १९०७चं शिल्पकार सेंट-गॉडन्स यांचं वीस डॉलरचं सोन्याचं नाणं पहिल्यांदा इतक्या खोल उठावाचं होतं की एकाच नाण्यावर प्रेसचे अनेक ठोके द्यावे लागायचे. रोजच्या कामाला ते परवडेना म्हणून उठाव खाली आणला. १९२१चा पीस डॉलर घ्या, चांदीचा एक डॉलर. तो उंच उठावाचा, फक्त त्याच वर्षी पडला. डाय टिकेनात म्हणून १९२२मध्ये सपाट केला. बहुतेक संग्रहात जो पीस डॉलर असतो तो हा सपाट केलेलाच. म्हशीच्या निकेलवर म्हैस आधी एका उंचवट्यावर उभी होती आणि त्या उंचवट्यावर किंमत कोरलेली. ती झिजून जाईल हे लक्षात आल्यावर १९१३च्या १९१३मध्येच उंचवटा काढून रेघ आणली आणि किंमत खाली, खोलगट जागेत घेतली. उभ्या लिबर्टीच्या क्वार्टरवर सालच झिजून जायचं, ते १९२५मध्ये आत दाबून घेतलं. शिल्पकाराला खोली हवी असते, प्रेसवर उभ्या असणाऱ्याला डाय टिकायला हवी असते. हे भांडण तुमच्या अल्बमच्या पानापानावर आहे. आज मिनिटाला शेकड्यांनी नाणी पडतात, तिथे प्रेसवाल्याचं ऐकलं जातं, इतकंच.

मात्र कमी उठावातही चांगलं काम करता येतं. समोर बघणारा जेफरसन पुन्हा भिंगाखाली घ्या. समोरून चेहरा कोरणं अवघड, कारण नाक सगळ्यात वर येतं आणि पहिल्यांदा तेच झिजतं. जुन्या नाण्यांवर सगळे एका कुशीवर का, त्याचं एक मोठं कारण हे. त्या २००६च्या निकेलवर नाक किती थोड्या उंचीत बसवलंय आणि डोळ्यांच्या खोबणी किती हलक्या हाताने दिल्यात ते बघा. नाण्यावर तिरका उजेड टाका, वरून नको. मी स्वतः तासभर ते फिरवून बघत बसलो होतो. जेमी फ्रँकी यांचं रेखाटन आहे.

तिसरं, तुमची चांदीची हद्द. ती दिसते तितकी सरळ नाही. अमेरिकेत डाइम (दहा सेंटचं नाणं) आणि क्वार्टरमधली चांदी १९६५ला गेली, पण अर्ध्या डॉलरमध्ये चाळीस टक्के चांदी १९७०पर्यंत होती. म्हणजे तुमच्याच नियमाने एक केनेडी आत यायला हवा होता, तो बाहेर आहे. आणि त्या हद्दीमुळे काय हुकलं ते सांगतो, मला त्याचीच जास्त हळहळ वाटली. १ एप्रिल १९५७ला आपल्याकडे दशमान आलं. सोळा आणे आणि चौसष्ट पैशांची सवय असलेल्या माणसाला घोटाळा नको म्हणून नाण्यावर 'नये पैसे' लिहिलं, आणि एका नया पैशावर तर तो रुपयाचा शंभरावा भाग आहे हे हिंदीत कोरून सांगितलं. लोकांच्या अंगवळणी पडल्यावर १९६४मध्ये 'नया' शब्द काढला. ब्रिटनने १५ फेब्रुवारी १९७१ला हेच केलं. त्यांच्याही नाण्यावर 'न्यू पेन्स' आलं आणि १९८२मध्ये त्यातला 'न्यू' गेला. दोन देशांनी नाण्यावर 'हे नवं आहे' असं लिहिलं आणि जुनं झाल्यावर ते पुसलं. जुनी_पेटी राणीची सम्राज्ञी झाली म्हणून दोन टाइप मानतात, अगदी योग्यच आहे. मग हेही दोन टाइपच झाले की. यात चांदी कुठेच नाही, म्हणून तुमच्याकडे यातलं काहीच नाही.

आता १३३चं काय करायचं. माझ्यापुरता मी एक फरक करतो. काही छाप पुढचा हुकूम येईपर्यंत राहायला म्हणून काढलेले असतात आणि काही काढतानाच बदलायचे हे ठरलेलं असतं. पहिल्याला मी बसता छाप म्हणतो, दुसऱ्याला फिरता. बसत्याला स्वतःचा कप्पा. फिरत्यांच्या अख्ख्या घराला मिळून एक कप्पा, आणि त्या घरातलं कुठलं घ्यायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. त्या हिशोबाने १९९९पासूनचे तुमचे १३३ क्वार्टर पाचांवर येतात, तुम्ही मोजलेले पाच गट तेच.

ढालीचा सेंट तर निःसंशय बसता. २०१०ला आला, आणि २०२५च्या नोव्हेंबरमध्ये फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत चलनासाठीचे शेवटचे सेंट पडले. म्हणजे तो टाइप सुरू होऊन संपलाही. गव्हाच्या लोंब्यांसारखाच तो आता पुरा झालेला छाप आहे. त्याला नवा म्हणून अजून किती दिवस बाहेर ठेवणार?

नवा_भिडू

मी उलट्या बाजूने आलोय, म्हणून लिहितो. माझ्याकडे १९५७च्या आधीचं एकही नाणं नाही. सुरुवात हातात येणाऱ्या सुट्या पैशांतून केली आणि आजही बरंचसं तिथूनच येतं.

ताई, तुमच्या प्रश्नात एक मुद्दा राहिलाय, वेळ. नवं नाणं आज सहज मिळतं म्हणून ते कायम सहज मिळेल असं नसतं. २००७च्या सुमाराला हस्तमुद्रांची नाणी आली, एक रुपयावर अंगठा आणि दोन रुपयांवर दोन बोटं. वाचता न येणाऱ्यालाही बोटं मोजून किंमत कळावी, किती सुंदर कल्पना! तेव्हा ती रोज हातात यायची, मी लक्षच दिलं नाही. २०११ला रुपयाचं चिन्ह असलेली मालिका आली आणि ही पडायची बंद झाली. नंतर शोधायला गेलो तर मिळतात, पण सगळी काळवंडलेली, ओरखडे पडलेली. दोन रुपयाचं मनासारखं एक मिळायला मला चार वर्षं लागली. गेंड्याच्या पंचवीस पैशांचं तसंच. स्टीलचं, साधं, पण गेंड्याच्या कातडीच्या घड्या त्यावर नीट मोजता येतात. ३० जून २०११ला पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून गेली आणि बघता बघता ती घराघरांतून नाहीशी झाली.

जुनी_पेटी काका म्हणतात की नाणं वाचून आपल्यापर्यंत यावं. काका, माझं म्हणणं एवढंच की वाचवणारा कुणीतरी लागतो. तुमचे रुपये कुणीतरी तेव्हा बाजूला काढून ठेवले होते, तेव्हा ती रोजचीच नाणी होती.

एक चूक सांगतो, ती करू नका. नवी आहेत म्हणून मी ती मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटांत ठेवली. ते पीव्हीसी होतं. तीन वर्षांनी क्युप्रोनिकेलच्या, म्हणजे तांबं-निकेलच्या मिश्रधातूच्या, नाण्यांवर हिरवट चिकट थर आला. शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून तो निघाला, पण ज्या नाण्यांच्या धातूपर्यंत पोचला होता ती गेली. आता मायलर (पीव्हीसी नसलेलं प्लास्टिक) नाहीतर कडक कॅप्सूल, दुसरं काही नाही. आणि अमेरिकन सेंट १९८२नंतरचा असेल तर डाग बघून घ्या. आत जस्त आहे, वर तांब्याचा नुसता पापुद्रा. कुठे टोचा पडला की आतून फुगतं. शंभर वर्षांपूर्वीचा लोंब्यांचा सेंट जितका टिकला तितका हा टिकणार नाही, म्हणून डागविरहित बघूनच घ्या. नवं नाणं घेण्यात फायदा हाच की निवडायला पन्नास मिळतात.

जुनी_पेटी

फ्रेझर बाईंची गोष्ट मला माहीत नव्हती. तो क्वार्टर घ्या ताई, त्याबद्दल माझा आक्षेप मागे घेतला.

बाकीच्यांबद्दल मात्र सावध करतो. ठसेकार यांचा बसता-फिरता हा फरक कामाचा आहे, पण त्याने धातूचा प्रश्न सुटत नाही. १९८२मध्ये सेंटचा छाप तोच राहिला आणि आतला धातू बदलला, तांब्याचा ३.११ ग्रॅमचा होता तो जस्ताचा २.५ ग्रॅमचा झाला. हा एक टाइप की दोन? ब्रिटिश एक आणि दोन पेनी १९९२पासून स्टीलवर तांबं चढवलेल्या आहेत, लोहचुंबकाला चिकटतात, छापात त्यासाठी काही बदललेलं नाही. १९४३चा स्टीलचा सेंट सगळे वेगळा टाइप धरतात कारण तो पांढरा दिसतो. जो डोळ्यांना दिसत नाही तो बदल धरायचा की नाही, हे आधी कागदावर लिहून काढा आणि मगच पहिलं नाणं कप्प्यात घाला. मागाहून नियम केला की तो आपल्याकडे जे आहे त्याच्या सोयीने होतो, हे मी स्वतः केलेलं आहे.

आणि अल्बम वेगळा करा. जुन्या अल्बमच्या केनेडीनंतरचे कप्पे तसेच राहू द्या. तो एक पुरा झालेला संग्रह आहे, त्याला हात लावू नका, एवढी विनंती.

नवा_भिडू, तुमचं म्हणणं मान्य. माझे रुपये कुणी ठेवले असतील याचा विचार मी कधी केला नव्हता.

ओंजळ

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन रविवार यातच गेले, काय केलं ते सांगते.

जुनी_पेटी म्हणाले तसं आधी कागदावर लिहिलं. हद्द चांदीवरून काढून टाकली. ती मी तेव्हा का आखली होती याचा प्रामाणिकपणे विचार केला, तर चांदी मौल्यवान म्हणून मला तिथे थांबणं प्रतिष्ठेचं वाटलं होतं, छापाशी त्याचा काही संबंध नव्हता. मी शाळेत इतिहास शिकवते. १९५७चा नया पैसा माझ्या संग्रहात नाही, हे ठसेकार यांनी दाखवल्यावर मला फार लागलं. मुलांना दशमान पद्धत शिकवताना मी फळ्यावर चौसष्टचे शंभर पैसे करून दाखवते आणि ज्या नाण्याने ते लोकांना शिकवलं ते माझ्याकडे नाही. ते आता सगळ्यात आधी आणायचं.

बसता छाप, त्याला कप्पा. फिरत्यांच्या घराला एक. धातू बदलला पण दिसत नसेल तर वेगळा टाइप नाही, मात्र त्या नाण्याखालच्या चिठ्ठीवर धातू आणि वजन लिहायचं. हे शेवटचं ठरवायला प्रयोगशाळेतल्या काट्यावर सेंट तोलून पाहिले. माझा लोंब्यांचा सेंट ३.०७ भरला, झिजेमुळे असेल, आणि ढालीचा बरोबर २.५. डोळे मिटून दोन्ही एकेका तळहातावर घेतले तर फरक कळतो. टेबलावर टाकले तर आवाजातही कळतो, जुना वाजतो आणि नवा नुसता पडतो. तरीही नियम बदलला नाही. डोळ्यांना दिसेल तोच टाइप.

त्यानुसार हस्तमुद्रा आल्या, कारण त्या राहायला काढल्या होत्या. २०११ची चिन्हाची मालिका आली, २०१९ची गव्हाच्या नक्षीची आली, वीस रुपयांचं बारा कोनी नाणं तिच्यातच. २०२२ची अमृत महोत्सवाच्या बोधचिन्हाची पाच नाणी एका प्रसंगाची आहेत, तेव्हा त्या घरातलं एकच घेईन. ब्रिटनची २००८ची ढालीची नाणी मात्र सहाच्या सहा घेणार. एक पेनीपासून पन्नास पेन्सपर्यंतची सहा जुळवली की राजचिन्हाची ढाल पुरी होते, त्यातलं एक काढून ठेवलं तर नुसता तुकडा उरतो. तसंही ती सहा वेगवेगळ्या किमतींची नाणी आहेत, नियमात बसतात. चाळीस टक्के चांदीचा केनेडी माझ्या नव्या नियमाने वेगळा टाइप ठरत नाही, पण तो बाहेर राहिला होता हे मला ठसेकार यांच्याकडून कळलं, म्हणून १९६४च्या केनेडीच्या चिठ्ठीवर तशी ओळ लिहिली.

प्राण्यांच्या, खेळांच्या स्मारक नाण्यांचं अजून ठरलेलं नाही. तिथे घर कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हेच मला कळत नाही. ठसेकार, यावर तुमचं मत सवडीने सांगा.

जुनी_पेटी, तुमची एक विनंती पाळली, केनेडीनंतरचे कप्पे रिकामेच आहेत, नव्या नाण्यांसाठी वेगळा अल्बम आणला आहे. पण एक अपवाद केला आणि तो तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. लॉराबाईंचा क्वार्टर मी जुन्या अल्बमातच ठेवला. त्याचं डोकं १९३२चं आहे, तर तो १९३२च्या पानावरच शोभेल असं वाटलं. आधी सालाप्रमाणे ठेवून पाहिला, फ्लॅनगनचा डावीकडे आणि लॉराबाईंचा उजवीकडे. तर दोन्ही वॉशिंग्टन एकमेकांकडे पाठ करून बसले. मग जागा बदलली. आता नवा आधी येतो, सालाचा क्रम चुकतो, पण दोघं समोरासमोर आहेत, आणि वरच्या ओळीत बरोबर त्यांच्या डोक्यावर म्हशीचं निकेल आहे.